बायोमास विजेच्या दराचा वाद: आयोगाकडे जाण्याआधीची तयारी

सौर प्रकल्पाला ऊन विकत घ्यावे लागत नाही आणि पवनचक्कीला वाऱ्याचे बिल येत नाही. बायोमास प्रकल्पाच्या काट्यावर मात्र रोज ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि प्रत्येक ट्रॉलीचे पैसे मोजावे लागतात. विदर्भात पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे कुटार आणि राईस मिलमधला धानाचा कोंडा, राजस्थानात मोहरीची तुसे, पंजाबात भाताचा पेंढा. माल बदलतो, पण अडचण सगळीकडे एकच आहे. इंधनाचा भाव हंगामागणिक हलतो आणि वीज मात्र अनेक वर्षांच्या करारात ठरलेल्या दराने विकावी लागते. बायोमास विजेच्या दरावरून देशभरच्या नियामक आयोगांपुढे जे वाद झाले, त्यातले बहुतेक याच फटीतून उगवले.

अशा वादात प्रकल्पचालक हरतो तेव्हा त्याची मागणी चुकीचीच होती असे म्हणता येत नाही. पुष्कळदा मागणी रास्त असते, पण ती सिद्ध करणारा कागद नसतो, किंवा करारावर सही करतानाच मागणीचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून तयारी वकील गाठण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.

प्रथम दर कसा बनतो ते समजून घेतले पाहिजे. आयोग बायोमास विजेच्या दराचे दोन भाग करतो. पहिला स्थिर भाग. त्यात प्रकल्पाचा भांडवली खर्च, कर्जावरचे व्याज, घसारा, भागभांडवलावरचा परतावा, देखभाल आणि खेळत्या भांडवलाचे व्याज येते. दुसरा बदलता भाग, म्हणजे इंधनाचा खर्च. तो तीन आकड्यांवर उभा असतो. एक युनिट वीज तयार करायला किती उष्णता लागते, एक किलो इंधनातून किती उष्णता मिळते आणि त्या किलोचा भाव काय. प्रकल्पात प्रत्यक्ष काय घडले ते आयोग सहसा विचारत नाही. चांगल्या रीतीने चालवलेल्या प्रकल्पात काय घडायला हवे, ते तो ठरवतो आणि त्या प्रमाण आकड्यांवर दर काढतो.

हे आकडे थोडेसे हलले तरी काय होते, ते प्रत्यक्ष हिशेबातच पाहावे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीत एका युनिटला ४,००० किलोकॅलरी उष्णता आणि एक किलो इंधनात ३,३०० किलोकॅलरी असे धरले होते. प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रांना तयार विजेतली १० टक्के वीज लागते, ती वजा केली की विक्रीच्या एका युनिटमागे सुमारे १.३५ किलो इंधन पडते. २०१४ च्या दुरुस्तीत ट्रॅव्हलिंग ग्रेट बॉयलरसाठी उष्णता ४,२०० आणि इंधनाची उष्णता ३,१०० धरली गेली. आता त्याच युनिटला सुमारे १.५१ किलो लागते. इंधन ३,००० रुपये टन भावाने मिळते असे समजू. पहिल्या हिशेबात युनिटचा इंधनखर्च ४ रुपये ४ पैसे येतो, दुसऱ्यात ४ रुपये ५२ पैसे. १० मेगावॉटचा प्रकल्प वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालला तर तो सुमारे ६.३ कोटी युनिट विकतो. म्हणजे ४८ पैशांचा हा फरक वर्षाला ३ कोटी रुपयांचा आहे, आणि इंधनाच्या भावाला तर अजून हातही लागलेला नाही.

म्हणूनच भाव वाढला एवढेच घेऊन आयोगापुढे जाणारा प्रकल्पचालक आपली अर्धी बाजू घरी ठेवून जातो. ओल्या, मातीमिश्रित, महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेल्या मालातून प्रयोगशाळेतल्या नमुन्याइतकी उष्णता मिळत नाही, ही त्याची खरी तक्रार असते. वितरण कंपनी उलट बाजूने म्हणते की जुनाट बॉयलर, ढिसाळ साठवण आणि कमी कार्यक्षमता यांचा भार वीजग्राहकाने का उचलावा? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आयोगाला त्यांतून वाट काढायची असते आणि ती काढताना त्याच्या हाती समोर आलेले पुरावेच असतात. २०१४ ची दुरुस्ती झाली म्हणजे जुने आकडे बदलता येतात हे उघड आहे. त्यासाठी मोजमाप मात्र मांडावे लागते.

ते मोजमाप रोजच्या कामातच तयार होते. फाटकावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाची काटा-पावती, मालाचा प्रकार, गाव किंवा पुरवठादार, ओलावा आणि कापलेले वजन यांची नोंद व्हायला हवी. ओलावा मोजून वजन कापले असेल तर कोणत्या पद्धतीने कापले तेही लिहून ठेवावे. कारण तोच माल उद्या आयोगापुढे ‘आला तसा’ धरायचा की ‘वाळवून’ धरायचा, यावर एका किलोतल्या उष्णतेचा आकडा बदलतो. नमुना ढिगाच्या वरच्या थरातून घेतला तर तो कोरडा येतो, तळातून घेतला तर ओला. नमुना कधी, कुठून आणि कोणी घेतला याची सही-शिक्क्याची नोंद नसेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालही सुनावणीत लंगडा पडतो. ट्रॉलीवरून उतरताना एकदा आणि बॉयलरमध्ये जाताना एकदा असा दोनदा नमुना घेणारा प्रकल्प साठवणुकीतली घट आकड्यांत दाखवू शकतो. ही घट खरी असते. पऱ्हाटी वेचणीनंतरच्या मोजक्या महिन्यांत मिळते आणि पावसाळ्यासाठी साठवून ठेवावी लागते. त्या काळात ती कुजते, तिचा चुरा होतो, कधी तिला आगही लागते.

भावाचा पुरावा याहून अवघड. शेतातला काडीकचरा बाजार समितीत लिलावाला येत नाही, त्याचा अधिकृत भाव रोज कुठे छापून येत नाही. दलाल, वाहतूकदार, कुट्टी करणारा आणि शेतकरी अशा चार हातांतून तो जातो आणि पैसे बरेचदा रोखीने दिले जातात. फाटकावर पोचलेल्या मालाचा भाव एकच आकडा म्हणून मांडला की वितरण कंपनीचा पहिला प्रश्न येतो तो हाच, की यात शेतकऱ्याला किती मिळाले आणि वाहतूक किती? गोळा करणे, कुट्टी किंवा गाठी बांधणे, वाहतूक आणि साठवण यांचा खर्च वेगवेगळा दाखवला तर या प्रश्नाला उत्तर तयार असते. पुरवठादाराला बँकेतून पैसे देण्याची शिस्त येथे फार उपयोगी पडते. शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी करार असेल तर आणखी चांगले, कारण त्यातून भाव खरा असल्याचे दिसते आणि पैसा शेतापर्यंत पोचल्याचेही दिसते. प्रकल्पाला दरवाढ मिळावी आणि पऱ्हाटी देणाऱ्याच्या हाती जुनाच भाव पडावा, हे कोणत्याही आयोगाला पटणार नाही आणि पटूही नये.

मालाला दुसरे गिऱ्हाईक कोण आहे, हेही मांडले पाहिजे. वीटभट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलर पूर्वीपासून हा माल घेतात. आता कोळशावरची औष्णिक केंद्रेही त्यात आली आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशासोबत बायोमासच्या गोळ्या जाळण्याचे धोरण आणले आणि २०२३ च्या सुधारणेनुसार २०२४-२५ पासून ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के असे प्रमाण ठरवले. या मागणीमुळे आपल्या भागात भाव चढला असेल, तर तो बदल करार झाल्यानंतर सरकारी धोरणातून आला आहे. त्याचा पुरावा स्वतंत्रपणे मांडण्यासारखा आहे.

मासिक विवरणपत्राकडे मात्र अनेक जण निव्वळ सोपस्कार म्हणून पाहतात, आणि तेच महागात पडते. केंद्रीय आयोगाच्या नियमांत दर महिन्याच्या वीजबिलासोबत इंधन खरेदीचे व वापराचे, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले विवरण देण्याची अट आहे. तिचा मूळ हेतू कोळशाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचा. सुरुवातीला वर्षभरात १५ टक्क्यांपर्यंत कोळशासारखे इंधन चालत असे, पुढे ती सवलत काढून घेतली गेली. मर्यादा ओलांडणाऱ्याला त्या नियमावलीचा दरच लागू राहत नाही, इतकी ही अट कडक आहे. पण हीच विवरणपत्रे वर्षानुवर्षे नेमाने दिली असतील, तर भाववाढीचा त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही, कारण ती वाद उभा राहण्याच्या आधी लिहिलेली असतात. राज्य आयोगाच्या नियमांत आणि आपल्या करारात विवरणाचा नमुना वेगळा असेल तर तो आधी पाहावा.

आता कराराकडे येऊ. करारावर सही झाल्यावर दर वाढवून मागता येतो का? या प्रश्नाला न्यायालयांनी सरसकट ‘हो’ म्हटलेले नाही आणि सरसकट ‘नाही’ही म्हटलेले नाही. कर्नाटकातील कोणार्क पॉवर प्रोजेक्ट्सचा बायोमास प्रकल्प बेंगळुरूच्या वीज वितरण कंपनीला वीज विकत होता. इंधन परवडत नाही म्हणून त्याने जास्त दर मागितला. राज्य आयोगाने नकार दिला, अपिलीय न्यायाधिकरणाने प्रकल्पाची बाजू घेतली, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. आयोगाने मंजूर केलेला करार आणि कर्नाटकची नियमावली पाहता तो दर मागाहून बदलता येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला.

गुजरातेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जुनागड पॉवर प्रोजेक्ट्स व इतर बायोमास उत्पादकांच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१३ मध्ये इंधनाच्या भावाचा फेरविचार करायला राज्य आयोगाला सांगितले. बायोमासला इंधन विकत घ्यावे लागते आणि भाव अवाक्याबाहेर गेला तर प्रकल्प बंदच पडतो, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे जुलै २०१६ मध्ये तारिणी इन्फ्रास्ट्रक्चर या लघु जलविद्युत कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आयोगाने आपल्या वैधानिक अधिकारात ठरवलेला दर करारात लिहिला गेला, एवढ्यावरून तो कायमचा गोठत नाही. लोकहितासाठी आयोग त्याचा फेरविचार करू शकतो. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सोलर सेमिकंडक्टरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आयोगाला आवरलेही. करारातल्या दराच्या अटी सैल करण्यासाठी आयोगाने आपले अंगभूत अधिकार वापरू नयेत, असे तो निकाल सांगतो.

हे निकाल शेजारी ठेवून वाचले की प्रकल्पचालकाला काय शोधायचे ते कळते. आपल्या करारात दर एक ठरीव आकडा म्हणून लिहिला आहे, की ‘आयोग वेळोवेळी ठरवील तो दर’ असे शब्द आहेत? बदलता भाग दरवर्षी नव्याने ठरणार आहे, की ठरावीक टक्क्यांनी आपोआप वाढणार आहे? केंद्रीय आयोगाच्या नियमांत इंधनाच्या भावात वर्षाला ५ टक्के वाढ धरण्याचा पर्याय उत्पादकाला होता. हा पर्याय सोयीचा वाटतो, पण एकदा तो स्वीकारला की भाव त्याहून वेगाने चढल्यावर तक्रार करणे जड जाते. राज्याच्या नियमावलीत अटी शिथिल करण्याचे आणि अडचणी दूर करण्याचे कलम आहे का, ते जुन्या करारांना लागू होते का, हेही सहीपूर्वी तपासायचे. बँकेच्या कर्जाची घाई असते आणि करार ‘नमुन्याप्रमाणे’ सही होतो. पुढची बारा-पंधरा वर्षे त्या घाईत जखडलेली असतात.

दर बोलीतून ठरला असेल तर खर्चवाढीचा युक्तिवाद फारसा चालत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ खाली आयोग खर्च तपासून दर ठरवतो, कलम ६३ खाली पारदर्शक बोलीतून आलेला दर तो स्वीकारतो. साखर कारखान्याने बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीसाठी बोली लावताना बगॅसची पुढच्या हंगामातली किंमत स्वतःच धरलेली असते. ऊस कमी आला, बगॅस महागला, ही जोखीम त्याने बोलीतच पत्करली असे मानले जाते. म्हणून बोलीचा आकडा ठरवताना कमी पावसाचे एक वर्ष गृहीत धरूनच हिशेब करावा.

स्थिर भागातही एक खाच आहे. तो दर ८० टक्के क्षमतावापर धरून काढलेला असेल आणि इंधनाअभावी प्रकल्प ५० टक्केच चालला, तर कर्जाचे व्याजही पूर्ण वसूल होत नाही. शिवाय १० मेगावॉट व त्यावरच्या बायोमास प्रकल्पांना केंद्रीय आयोगाने सौर-पवनसारखे ‘चालू ठेवलेच पाहिजे’ असे संरक्षण दिले नव्हते. वीज नको म्हणून वीजजाळ्याच्या (ग्रिडच्या) चालकाने प्रकल्प मंद करायला लावला, तर त्या तासांची भरपाई कशी मिळणार हे करारात लिहिलेले असावे.

वाद किती लांबतो, याचे उदाहरण आंध्र प्रदेशचे. तेथे अपारंपरिक वीज उत्पादकांना १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून २ रुपये २५ पैसे आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, असा दर होता. त्यांनी ती वीज राज्याच्या पारेषण कंपनीलाच विकायची होती. राज्य आयोगाने २० मार्च २००४ च्या आदेशाने नवे खरेदीदर ठरवले. उत्पादक अपिलीय न्यायाधिकरणात गेले आणि २ जून २००६ रोजी जिंकले. पारेषण कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ जुलै २०१० रोजी साई रिन्युएबल पॉवरच्या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. खरेदीदर ठरवण्याचा अधिकार आयोगालाच आहे, पण उत्पादकांना नव्याने ऐकून त्याने तो ठरवावा, असे सांगून प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवले गेले. सहा वर्षांनी सगळे पहिल्या दारात उभे होते, आणि या सगळ्या काळात कर्जाचे हप्ते आणि इंधनाची बिले थांबलेली नव्हती. हे पाहिल्यावर आयोगाकडे अंतरिम दराची मागणी याचिकेतच करणे का महत्त्वाचे, हे वेगळे सांगायला नको.

दाद कुठे मागायची, यात चूक झाली तर वर्ष फुकट जाते. राज्यातल्या वितरण कंपनीला वीज विकणाऱ्याने राज्य आयोगाकडे जायचे. महाराष्ट्रात ते मुंबईच्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे, तर गोव्यातल्या प्रकल्पाला गोवा व केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त आयोगाकडे, म्हणजे गुरुग्रामला. केंद्रीय आयोगाचे आकडे राज्य आयोगाला मार्गदर्शक असतात, ते आपोआप बंधनकारक होत नाहीत. म्हणून याचिकेत ते उद्धृत करावेत, पण मागणी राज्याच्या नियमावलीवर उभी करावी. महाराष्ट्राने अपारंपरिक विजेच्या दरासाठी २०१०, २०१५ आणि २०१९ मध्ये वेगवेगळ्या नियमावली केल्या. आपला प्रकल्प कोणत्या काळात सुरू झाला, त्यावर कोणती लागू ते ठरते.

उत्पादक आणि वितरण कंपनी यांच्यातला वाद आयोगानेच सोडवायचा किंवा लवादाकडे पाठवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एस्सार पॉवरच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे करारात लवादाचे कलम आहे म्हणून परस्पर लवाद नेमता येत नाही. आक्षेप आदेशावर नसून नियमावलीवरच असेल, तर अपिलीय न्यायाधिकरण ऐकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पीटीसी निकालानंतर त्यासाठी उच्च न्यायालयात रिट हाच मार्ग आहे. नियमावलीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा लेखी सूचना देणे याहून स्वस्त आणि परिणामकारक असते, तरी त्या महिन्यात बहुतेक प्रकल्प गप्प असतात.

दराची याचिका जाहीर होते, तिच्यावर हरकती येतात आणि कायद्याप्रमाणे १२० दिवसांत आदेश अपेक्षित असतो. महाराष्ट्रात ग्राहकांची बाजू मांडायला पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासू संस्था आयोगापुढे आलेल्या आहेत. त्यांना विरोधक समजणे चूक ठरेल. वाढीव दर शेवटी घरगुती आणि शेतीपंपाच्या बिलातच जातो, तेव्हा त्यांचे प्रश्न टोकदार असणारच. युनिटमागे वाढ किती, वितरण कंपनीच्या एकूण खरेदीत तिचा भार किती आणि त्या बदल्यात शेतात जाळला जाणारा माल किती वाचला, हे तीन आकडे याचिकेतच देणाऱ्याला या प्रश्नांची भीती नसते.

मुदतींची नोंद कार्यालयातल्या भिंतीवरच हवी. आयोगाच्या आदेशात उघड चूक असेल किंवा नवा पुरावा हाती आला असेल तर आयोगाकडेच पुनर्विलोकन मागता येते, मात्र तोच युक्तिवाद दुसऱ्यांदा ऐकवण्यासाठी ते नाही. अपिलीय न्यायाधिकरणाकडे कलम १११ खाली ४५ दिवसांत जायचे, आणि तेथून कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात कलम १२५ खाली ६० दिवसांत. तेथे उशीर माफ होतो तोही आणखी ६० दिवसांपुरताच. थकीत रकमेच्या दाव्यांना मुदतीचा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लॅन्को कोंडापल्लीच्या निकालात म्हटले आहे. म्हणजे कमी दराने आलेले प्रत्येक बिल ‘हक्क राखून’ असे लेखी कळवून स्वीकारावे आणि फरकाचा दावा तीन वर्षे उलटण्याआधी दाखल करावा. ४५ दिवसांची मोजणी आदेशाची प्रत मिळाल्यापासून होते, तेव्हा ती प्रत ज्या दिवशी हाती आली त्या दिवसाचा आवक शिक्का प्रतीवर उमटवून घ्यावा.